एका टॅबवर दोन खिडक्या: लेक्चर आणि नोट्स शेजारी-शेजारी

टॅब घेताना दुकानदार म्हणाला होता, "यात दोन अ‍ॅप एकदम चालतात." मी मान डोलावली आणि पुढचे आठ महिने एका वेळी एकच अ‍ॅप चालवलं. पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी चालू होती. यूट्यूबवर लेक्चर लावायचं, दोन वाक्यं ऐकून थांबवायचं, नोट्सचं अ‍ॅप उघडून लिहायचं, परत यूट्यूबवर यायचं. आल्यावर सर कुठल्या कलमावर होते तेच आठवत नसे, म्हणून पुन्हा दहा सेकंद मागे. तासाभराच्या लेक्चरला अडीच तास जायचे. शेवटी शेजारच्या टेबलावरची मुलगी वैतागून म्हणाली, "ताई, दोन्ही एकत्र का नाही लावत?" आणि तिने माझ्या टॅबवर बोट फिरवून ते लावूनही दिलं. काय केलं ते मला दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी, माझं लेक्चर आणि तीच ये-जा. नवा टॅब घेतलेल्या माझ्यासारख्यांचा तो दुसरा दिवस वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

माझा टॅब सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट आहे: १०.४ इंची, ४ जीबी रॅमचा, सोबत पेन मिळणारा. त्यामुळे सविस्तर लिहिलंय ते सॅमसंग डोळ्यांपुढे ठेवून. बाकीच्या अँड्रॉइड टॅबवर रीत तीच, बटणं जरा इकडे-तिकडे. आयपॅडचा भाग शेवटाकडे वेगळा दिला आहे.

हाताशी काय हवं

- अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा टॅब, किंवा आयपॅड
- रॅम ४ जीबी असेल तर बरं. ३ जीबीवर चालतं, पण कुरकुरत
- दोन अ‍ॅप, जी तुम्ही आधीच वापरता (पहिल्याच दिवशी नवं नोट्सचं अ‍ॅप शिकायला घेऊ नका)
- टॅब टेकवायला स्टँड किंवा घडीचं कव्हर
- इअरफोन, अभ्यासिकेत बसत असाल तर
- पेन किंवा ब्लूटूथ कीबोर्ड. दोन्ही नसले तरी अडत नाही, पण पायरी ५ आणि ६ नीट वाचा

१. आधी टॅबची आवृत्ती बघा

सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली 'अबाउट टॅब्लेट' असतं, त्यात 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'. तिथे अँड्रॉइडचा आकडा दिसेल. स्क्रीन दुभंगायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ साली, ७व्या आवृत्तीत आली. त्याआधी सॅमसंगने स्वतःपुरती ती काही टॅबवर दिली होती. २०२२ मध्ये मोठ्या स्क्रीनसाठी १२एल ही आवृत्ती आली आणि टॅबच्या तळाशी अ‍ॅपची पट्टी दिसू लागली. तुमच्या टॅबवर अ‍ॅप उघडं असतानाही तळाशी छोटी चिन्हं दिसत असतील तर तुमचं काम सोपं आहे, पायरी ३ तुमच्यासाठीच आहे.

आवृत्ती १० किंवा त्यापुढची असेल तर आणखी एक फायदा. त्याआधी दोन खिडक्यांपैकी जिला हात लावाल तीच खऱ्या अर्थाने जागी असायची आणि दुसरी विसावलेली. त्यामुळे काही अ‍ॅपमध्ये नोट्सवर बोट टेकवलं की व्हिडिओ थांबे. १०पासून दोन्ही एकाच वेळी जाग्या राहतात. जुन्या टॅबवर असं होत असेल तर दोष तुमचा नाही.

आणि २ जीबी रॅमचे, 'अँड्रॉइड गो' प्रकारचे काही स्वस्त टॅब असतात, त्यांवर ही सोय मुळातच बंद ठेवलेली असते. तिथे शोधत बसू नका.

२. दोन्ही अ‍ॅप एकदा उघडून ठेवा, मग चिन्हावर बोट ठेवा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून सावकाश सांगते.

यूट्यूब उघडा, लेक्चर लावा. होम बटण दाबून बाहेर या. नोट्सचं अ‍ॅप उघडा, आजचं पान काढा. पुन्हा बाहेर या. आता अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपची यादी आणायची. खाली तीन बटणं असतील तर तीन उभ्या रेघांचं किंवा चौकोनाचं बटण दाबा. बटणं नसतील तर तळापासून बोट वर सरकवा आणि मध्येच क्षणभर थांबवा. झटकन वर नेलंत तर घरी पोचाल, यादी येणार नाही.

यादीत प्रत्येक अ‍ॅपचं मोठं कार्ड दिसतं आणि कार्डाच्या डोक्यावर त्या अ‍ॅपचं छोटं गोल चिन्ह. कार्डावर बोट ठेवू नका, चिन्हावर ठेवा. कार्डावर ठेवलंत तर ते अ‍ॅप पूर्ण पडद्यावर उघडतं आणि माणूस म्हणतो, "माझ्यात हे नाहीच." मीही असंच म्हणाले होते. चिन्हावर बोट ठेवलं की छोटी यादी उघडते, त्यात 'ओपन इन स्प्लिट स्क्रीन व्ह्यू' असतं. ते निवडा. पहिलं अ‍ॅप एका बाजूला सरकतं आणि दुसरं कुठलं हवं असं टॅब विचारतो. आता नोट्सचं कार्ड दाबा. झालं.

पर्याय चिन्हात सापडला नाही तर कार्डाखाली 'स्प्लिट' असं बटण आहे का बघा; काही अँड्रॉइड टॅबवर ते तिथे असतं. शाओमीच्या यंत्रांवर बहुधा कार्डच थोडा वेळ दाबून धरावं लागतं. अँड्रॉइड ७ आणि ८ वर चौकोनी बटण दाबून धरलं की पडदा थेट दुभंगतो. पुढे ती सवय मोडली आणि जुने वापरणारे चुकल्यासारखे झाले.

३. पट्टीवरून ओढून आणणं

तळाशी पट्टी असेल तर वरचं सगळं विसरलात तरी चालेल. लेक्चर चालू ठेवा, पट्टीवरचं नोट्सचं चिन्ह दाबून धरा, आणि बोट न उचलता उजव्या कडेपर्यंत ओढा. अर्धा पडदा वेगळ्या रंगाने उजळला की सोडा. मध्येच सोडलंत तर सॅमसंगवर ते तरंगत्या छोट्या खिडकीत उघडतं. तीही वाईट नाही, शब्दकोश किंवा कॅल्क्युलेटर बघायला मी तीच वापरते. पण नोट्ससाठी नको, सारखी मध्ये येते.

४. मधली रेघ

दोन खिडक्यांमध्ये जी रेघ आहे ती ओढून एक बाजू मोठी, दुसरी लहान करता येते. सॅमसंगवर रेघेवरच्या ठिपक्यांना हात लावला की आणखी बटणं येतात. त्यातल्या दोनच लक्षात ठेवा: बाणांचं बटण जागांची अदलाबदल करतं, आणि चांदणीचं बटण ही जोडी कायमची जपून ठेवतं. जोडी होम स्क्रीनवर ठेवली की एका स्पर्शात यूट्यूब आणि नोट्स दोन्ही आपापल्या जागी उघडतात. मला हे बटण कळायला आणखी तीन महिने लागले. तोवर रोज सकाळी पायरी २ चा सगळा सोपस्कार. सॅमसंग नसलेल्या टॅबवरही अँड्रॉइड १५ पासून अशी जोडी जपता येते.

कुठलं अ‍ॅप कुठे? उजव्या हाताने लिहित असाल तर नोट्स उजवीकडे. उलट लावलंत तर लिहिताना मनगट लेक्चरवर आडवं पडतं आणि अर्धा फळा झाकला जातो. शिवाय तळहात लागून व्हिडिओ थांबतो तो वेगळाच. डावखुऱ्यांनी नेमकं उलट करावं.

५. टॅब आडवा की उभा? इथे जरा आकडेमोड

सगळे टॅब आडवा धरतात. मीही धरायची. मग एकदा लेक्चरमधल्या नकाशावरची नावं वाचता येईनात म्हणून वैतागून टॅब उभा केला आणि चित्र मोठं झालं! अर्ध्या पडद्यावर चित्र मोठं कसं होईल, म्हणून वहीत मांडून पाहिलं.

माझ्या टॅबचा पडदा २००० बाय १२०० ठिपक्यांचा. आडवा धरून मधोमध दुभंगला तर एका खिडकीची रुंदी १०००. यूट्यूबचं लेक्चर १६:९ या मापाचं, म्हणजे चित्र १००० बाय साधारण ५६२. उरलेल्या निम्म्याहून जास्त खिडकीत वर्णन आणि कॉमेंट्स. आता टॅब उभा धरला की खिडक्या शेजारी न राहता खाली-वर होतात. प्रत्येकीची रुंदी १२००, आणि चित्र १२०० बाय ६७५. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ दीडपट. रेघेची जाडी आणि वरची पट्टी यात थोडं इकडे-तिकडे होईल, पण फरक डोळ्यांना लगेच कळतो. भूगोलाचे नकाशे, अर्थशास्त्राचे तक्ते, फळ्यावरचं बारीक अक्षर यांसाठी टॅब उभाच.

मग नेहमीच उभा का नाही? कीबोर्डामुळे.

६. कीबोर्ड सगळं गिळतो

टॅब उभा, वर लेक्चर, खाली नोट्स, आणि तुम्ही टाइप करायला गेलात की कीबोर्ड तळातून वर येतो. खालच्या खिडकीत लिहायला दोन-तीन ओळींची फट उरते किंवा वरचं लेक्चर चेपतं. आडवा धरलेला असेल तर हाच कीबोर्ड दोन्ही खिडक्यांच्या पायाशी पसरतो. पण यूट्यूबचं चित्र खिडकीच्या वरच्या भागात असतं, त्यामुळे झाकल्या जातात त्या फक्त कॉमेंट्स. अभ्यासाच्या दृष्टीने हे वरदानच.

म्हणून माझा नियम साधा आहे: पेनाने लिहायचं तर टॅब उभा, पडद्यावर टाइप करायचं तर आडवा. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर हा प्रश्नच मिटतो.

पेनही नाही, कीबोर्डही नाही, तर हे करून बघा:

- जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) वरच्या पट्टीतल्या चार चौकटींच्या चिन्हात 'फ्लोटिंग' निवडा. कीबोर्ड लहान होऊन हवा तिथे सरकवता येतो. सॅमसंगच्या कीबोर्डात हीच सोय 'मोड्स'मध्ये आहे.
- जीबोर्डात मराठी भाषा जोडताना 'हँडरायटिंग' हा प्रकार निवडा. बोटाने देवनागरी लिहिलं की अक्षरं छापील होतात. जोडाक्षरं सुटी-सुटी, जरा मोठी काढा.
- बोलून टाइप करणं लेक्चर चालू असताना जमत नाही. माइक चालू केला की एक तर लेक्चरचा आवाज बंद पडतो, नाही तर, इअरफोन नसेल तर, सरांचंच वाक्य तुमच्या नोट्समध्ये उतरतं. अभ्यासिकेत बोलाल तर बाकीचे काय म्हणतील ते वेगळंच.

७. काही अ‍ॅप ऐकत नाहीत

कधी कधी 'हे अ‍ॅप स्प्लिट स्क्रीनमध्ये चालत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. अ‍ॅप बनवणाऱ्याने खिडकी लहान करायची मुभा दिलेली नसली की असं होतं. अँड्रॉइड १२ पासून टॅबसारख्या मोठ्या पडद्यावर बहुतेक अ‍ॅप तरीही चालवली जातात, पण सगळीच धड दिसतात असं नाही. मी पैसे भरून घेतलेल्या एका क्लासच्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओ अर्ध्या खिडकीत लावला की 'पुढे' हे बटणच पडद्याबाहेर जायचं. त्यांना दोनदा कळवलं, दोनदा 'धन्यवाद' आलं. तोच क्लास त्यांच्या वेबसाइटवरून क्रोममध्ये उघडला तर व्यवस्थित चालला. हा उपाय आधी करून बघा, बरेचदा लागू पडतो.

सॅमसंगवर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स', त्यात 'लॅब्स', त्यात 'मल्टी विंडो फॉर ऑल अ‍ॅप्स' असा खटका आहे. तो चालू केला की हट्टी अ‍ॅपही बऱ्याच अंशी वळतात.

यूट्यूबवर तुम्हाला कोणी 'डेव्हलपर ऑप्शन्स' (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची दडलेली सेटिंग्ज) उघडायला सांगेल. बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक केलं की ते उघडतात आणि त्यात कुठलंही अ‍ॅप लहान करायला भाग पाडणारा खटका आहे, हे खरं. पण ते चालू असताना काही बँकांची अ‍ॅप उघडायलाच नकार देतात. परीक्षेची फी त्याच टॅबवरून भरणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका, किंवा काम झालं की ते बंद करा.

दुसरा धोका त्याहून मोठा. सरावाची ऑनलाइन परीक्षा देताना पडदा दुभंगू नका, गंमत म्हणूनही. अशी बरीच अ‍ॅप खिडकी बदलली की कॉपी समजतात आणि पेपर तिथेच जमा करून टाकतात.

८. एकच अ‍ॅप दोनदा

आयोगाच्या संकेतस्थळावरची जुनी प्रश्नपत्रिका एकीकडे आणि उत्तरतालिका दुसरीकडे, दोन्ही क्रोममध्ये. हे कसं करायचं? क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'न्यू विंडो' असतं. ते दाबलं की दुसरी खिडकी शेजारी येते. सॅमसंग नोट्समध्येही दोन वह्या एकदम उघडतात. सगळ्याच अ‍ॅपना हे जमत नाही.

ओढून नेणंही इथेच सांगते. एका खिडकीतला मजकूर निवडा, निवडलेल्या भागावर बोट दाबून धरा, तो उचलला गेल्यासारखा झाला की शेजारच्या खिडकीत नेऊन सोडा. कॉपी-पेस्टची खटपट वाचते. चित्रंही बऱ्याच अ‍ॅपमध्ये अशीच जातात. पण परिच्छेदच्या परिच्छेद ओढून नेले तर त्या नोट्स होत नाहीत, ते फक्त सामान एका खोलीतून दुसरीत हलवणं. माझी संपूर्ण 'पंचायत राज'ची फाइल अशीच भरली होती आणि परीक्षेत त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

कुठल्या जोड्या जमतात, कुठल्या नाही

एक खिडकी देणारी आणि एक घेणारी असेल तरच जोडी टिकते. लेक्चर आणि नोट्स. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ (ती मोफत उतरवून घेता येते) आणि प्रश्नांची वही. वर्तमानपत्र आणि चालू घडामोडींचं टिपण. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मी आणखी एक जोडी करते: डावीकडे प्रश्न, उजवीकडे फक्त मुद्द्यांची यादी, आणि खरं उत्तर समोर कागदावर हाताने. उत्तर टॅबवर लिहायचा मोह टाळा, परीक्षेत कागदच मिळणार आहे.

दोन्ही खिडक्या देणाऱ्या असल्या की एकही धड बघितली जात नाही. लेक्चर आणि क्रिकेट मी लावून पाहिलेलं आहे. लेक्चर आणि व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. कोणाचा आवाजी निरोप वाजवला की लेक्चर थांबतं, आणि मग तुम्हीही थांबता.

४ जीबीच्या टॅबवर तिसरी खिडकी उघडू नका. सॅमसंग तीनपर्यंत परवानगी देतो, पण जुनं पान वर आणलं की ते पुन्हा पहिल्यापासून उघडतं आणि अर्धवट भरलेला फॉर्म गेलेला असतो. बॅटरीही लवकर उतरते, चार्जर सोबत असू द्या.

९. आयपॅड असेल तर

इथे तुमची आवृत्ती महत्त्वाची, कारण रीत बदलत गेली आहे. आयपॅडवर ही सोय २०१५ मध्ये आली. २०२१ च्या आयपॅडओएस १५ पासून १८ पर्यंत अ‍ॅपच्या डोक्यावर मधोमध तीन ठिपके दिसतात. ते दाबा, दुभागलेल्या चौकोनाचं चिन्ह निवडा, मग दुसरं अ‍ॅप निवडा. ठिपके दिसत नसतील तर सेटिंग्जमधल्या 'मल्टिटास्किंग अँड जेश्चर्स'मध्ये सोय बंद असेल.

२०२५ मध्ये आलेल्या आयपॅडओएस २६ ने सगळं बदललं. आता संगणकासारख्या खिडक्या आहेत, कोपऱ्यात लाल, पिवळा आणि हिरवा ठिपका. आधी त्याच सेटिंग्जमध्ये 'विंडोड अ‍ॅप्स' निवडा. मग हिरवा ठिपका दाबून धरलात की अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे अशा मांडण्या दिसतात. खिडकी पकडून कडेकडे भिरकावली तरी ती अर्ध्या पडद्यात बसते. जुनी व्हिडिओ मार्गदर्शनं बघून गोंधळ होतो तो यामुळेच. व्हिडिओची तारीख आधी बघा.

जुन्या रीतीत आयपॅड उभा धरला तरी खिडक्या शेजारी-शेजारीच राहतात, खाली-वर होत नाहीत. म्हणजे पायरी ५ ची आकडेमोड तिथे लागू नाही. तिथे आडवाच बरा.

१०. बंद कसं करायचं

मधली रेघ पकडून थेट कडेपर्यंत न्या. ज्या बाजूला नेली त्या बाजूचं अ‍ॅप जातं आणि दुसरं पूर्ण पडदा व्यापतं. घाईत लोक उलटीकडे नेतात आणि नोट्स गेल्या म्हणून घाबरतात. गेलेलं अ‍ॅप बंद झालेलं नसतं, अलीकडच्या यादीत पहिल्या दोन-तीन कार्डांत ते सापडतं. नोट्समध्ये शेवटची ओळ असते, आणि लेक्चर साधारण जिथे होतं तिथेच थांबलेलं असतं.